एकदाच कॉल करायचा

आमच्या इनासकाकांनी दाराची बेल वाजवणं सोडलं, त्याला कोविड कारण झाला. बेलच्या बटणावर विषाणू बसलेला असतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून ते आमच्या दारासमोर दीड मीटरवर उभे राहून जखमी सशासारखं ओरडू लागले. पहिल्यांदा ती किंकाळी आली तेव्हा मी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होतो. माझी मॅनेजर बोलता बोलता थांबली आणि "एव्हरीवन ओके?" म्हणाली. मी म्हटलं, शेजारी आलेत. तिने पुढे काही विचारलं नाही.

हा आवाज काका शिट्टीतून काढत. पत्र्याच्या डब्याचं झाकण गोल कापायचं, मधोमध दुमडायचं, आरपार एक भोक पाडायचं आणि ते ओठ आणि दातांच्या मध्ये धरून श्वास आत ओढायचा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबाच्या आसपासचे शेतकरी कोल्हे बोलावायला असली शिट्टी वापरतात. काकांची शिट्टी रसगुल्ल्याच्या डब्याच्या झाकणाची होती आणि त्यामुळे तिच्या आवाजात गोडवा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो गोडवा कधी सापडला नाही. "कोल्ह्याला वाटलं पायजे की ससा मरतोय," ते सांगायचे. "आणि वाजवताना आपल्याला पण तसंच वाटलं पायजे. नायतर तो येत नाय. त्याला खोटं कळतं."

इनासकाका मूळचे वसईचे. आमच्या रस्त्यावर तीन घरं सोडून राहतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात घालवली, त्यामुळे "हलायचं नाय, श्वास धरा" हे त्यांच्या तोंडात कायमचं बसलं. निवृत्त झाल्यावर ते वाक्य रिकामं पडायला नको म्हणून ते कुठेही वापरत. माझी बायको मेघना त्यांच्या कपात चहा ओतायला लागली की "हलायचं नाय." मी सिग्नलला गाडी थांबवली की "हलायचं नाय." लोकांना सलूनमध्ये जायची भीती वाटत होती त्या दिवसांत त्यांनी अंगणात माझे केस कापले, आणि तेव्हा मात्र मी हललो नाही, कारण त्यांच्या हातातली कात्री पत्रा कापायची होती.

शिकारीची परवानगी त्यांना केव्हिनच्या शेतावर होती. केव्हिनचं शेत गाडीने अर्ध्या तासावर. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं तेव्हा काकांनी त्याचा एक्स-रे काढला होता, एवढीच ओळख. कोल्हे त्याची कोकरं पळवायचे. हे कोल्हे मूळचे इथले नव्हेत. इंग्रज साहेबांनी शिकारीची हौस भागवायला ते बोटीतून आणले, हौस संपली आणि कोल्हे वाढले. म्हणजे तेही तुमच्या-आमच्यासारखे बाहेरून येऊन स्थिरावलेले, फक्त त्यांना कोणी कायमच्या वास्तव्याची पीआर दिली नाही. काकांकडे रीतसर लायसन होतं, रायफल कुलपात ठेवायचं लोखंडी कपाट होतं. एक कोल्हा तेवढा त्यांनी आजवर मारलेला नव्हता.

म्हणून शिकवायचं थांबवतील तर ते इनासकाका कसले. आमच्या गावातल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्या काळात त्यावर हळद-आल्याच्या काढ्याशिवाय दुसरं काही येत नसे. त्यात रोज सकाळी काकांचा आवाजी मेसेज पडायचा. "ऐका. कोल्ह्याची शिकार, नवशिक्यांसाठी. आज वाऱ्याबद्दल." नवशिके कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्रुपमध्ये निम्मे शाकाहारी, उरलेले कोंबडीसुद्धा सोललेली आणि पाकिटातली घेणारे. एका काकूंनी विचारलं, हे आपल्या मंडळाच्या उद्देशात बसतं का. त्यावर काकांचा पुढचा मेसेज आला: "ऐका. आज लपून बसायची जागा."

मी त्यांचा एकमेव विद्यार्थी झालो तो मेघनामुळे. घरून काम करून करून मी दिवसभर फ्रिज आणि खुर्ची यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होतो. "दर शनिवारी काकांबरोबर जात जा," ती म्हणाली. "तू कोल्हा मार, नाहीतर कोल्हा तुला मारू दे, पण दुपारी मला घर मोकळं दे." बायकोने इतक्या प्रेमाने सांगितल्यावर जावंच लागतं.

पहिल्या शनिवारी गाडीत बसण्याआधी काकांनी मला रस्त्यावर उभं केलं, मास्क खाली ओढला आणि लांबूनच नाक वर करून हुंगलं.

"दुपारी काय जेवलास?"

"वरण-भात."

"हिंग." त्यांनी मान हलवली. "बाबा, हिंग लावून शिकारीला जातात? तू पोचायच्या आधी तुझं वरण पोचणार. शनिवारी फोडणीत हिंग बंद. लसूण चालेल, इथले शेतकरी पण खातात, कोल्ह्याला सवय हाय."

हा फतवा मी घरी सांगितला तेव्हा मेघना म्हणाली की सोलापूरच्या माहेरी कोणी मेलं तरी फोडणीतला हिंग बंद झालेला तिने पाहिला नाही. पण काकांचा मान ठेवून तिने शनिवारचं वरण बिनहिंगाचं करायला सुरुवात केली. ते वरण कसं लागतं हे मी इथे लिहीत नाही.

केव्हिनच्या शेतावर एक छोटं तळं आहे आणि त्याच्या कडेला जुनं निलगिरीचं झाड. त्याला टेकून आम्ही बसायचो. बसण्याआधी काका माझा फोन काढून घेऊन गाडीत ठेवायचे. "घड्याळ पण वाजतं काय तुझं? काढ." मग डोक्यावरून आणि खांद्यावरून एक जाड लाल चौकटीचं कापड पांघरून घ्यायचे. मी विचारलं, इतकं लालभडक घेऊन लपायचं कसं? "कोल्ह्याला लाल दिसत नाय," ते म्हणाले. "हे नवशिक्यांना माहीत नसतं." मला ते कापड एखाद्या खानावळीच्या टेबलावरचं वाटलं. मी घरी वर्णन केलं तर मेघनाने ते सोलापुरी चादर असल्याचं न बघताच ठरवून टाकलं.

मग काका शिट्टी ओठात धरून एकदा ती भयंकर किंकाळी काढायचे आणि शिट्टी खिशात टाकायचे. त्यानंतर काहीच नाही. तळ्यावरून गार वारा यायचा, माझा पाय झोपायचा, लांब कुठेतरी मेंढी ओरडायची. मी कुजबुजायचो, "काका, परत वाजवा ना."

"एकदाच कॉल करायचा," ते ओठ न हलवता सांगायचे. "मग गप्प बसायचं. नवशिके काय करतात, परत परत कॉल करतात. कोल्हा म्हणतो, हा मरतोय तर एवढा ओरडतो कसा? यायचं असेल तर तो आपणहून येतो. त्याला वाटलं पायजे की त्याच्या मनानेच आलो."

आणि त्या पहिल्याच शनिवारी तो आला. तळ्याच्या पलीकडे गवत हललं आणि एक तांबूस तोंड बाहेर डोकावलं. मी श्वास धरला. काकांचा हात रायफलकडे सरकत होता, तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात चर्चची घंटा वाजली. लहानसहान नव्हे, सणाच्या दिवशी वाजावी तशी. कोल्हा कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. काकांनी रायफल सोडून दोन्ही हातांनी खिसा चाचपला, फोन काढला आणि मी कधीही ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "हॅलो? हां, हॅलो?"

समोरचा माणूस छतावर सोलर पॅनल लावता का, असं विचारत होता.

काकांनी फोन खिशात ठेवला. "वारा फिरला," ते मला म्हणाले. "हिंग गेला त्याला."

मला मनस्वी राग आला. माझं घड्याळ काढून घ्यायचं आणि स्वतःचा फोन खिशात घंटेसकट!  घरी आल्यावर मेघनापुढे सगळी वाफ काढली. ती मला हसेल म्हणून वाट बघत होतो, पण तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तो फोन ते कधीच बंद करत नाहीत," ती म्हणाली. "ग्रेसचा आला तर?"

ग्रेस म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. पर्थला फार्मसिस्ट आहे. कोविडच्या आदल्या वर्षी मर्सीकाकू गेल्या, तेव्हा ती आली होती. दफन झाल्यावर ती पर्थची कामं उरकून येते म्हणून गेली आणि ती परत यायच्या आत काकांनी काकूंचं कपाट रिकामं करून सगळे कपडे धर्मादाय दुकानात, म्हणजे इथल्या ऑप-शॉपमध्ये देऊन टाकले. साड्या, झगे, स्वेटर, सगळं. ग्रेस आली आणि कपाट उघडून बघत उभी राहिली. "मम्मीला घराबाहेर काढायची एवढी घाई होती?" असं काहीतरी ती म्हणाली.  ती त्याच दिवशी निघून गेली आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. मग पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने सीमाच बंद केली. आता ठरवलं असतं तरी दोघांना एकमेकांकडे जाता येत नव्हतं. फोन तेवढा उरला होता आणि तो वाजत नव्हता.

"मग ते स्वतः का करत नाहीत?" मी विचारलं.

"केला होता. एकदा. तिने उचलला नाही."

एकदाच कॉल करायचा, मग गप्प बसायचं. मी तोवर हे कोल्ह्याबद्दलच आहे असं समजत होतो. त्या रात्री जेवताना मला वरण गिळवेना, आणि दोष वरणाचा नव्हता.

त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासोबत बसणं आवडायला लागलं होतं. घंटा अधूनमधून वाजायची. कधी बँकेतून बोलतोय म्हणणारा भामटा, कधी कसलातरी सर्व्हे. काका दर वेळी दोन्ही हातांनी फोन काढायचे आणि दर वेळी "वारा फिरला" म्हणायचे. केव्हिन कुंपणाशी उभा राहून मला एकदा म्हणाला, "ही कान्ट हिट अ बार्न, मेट. पण त्या घंटेने कोल्हे माझ्याकडे यायचे थांबले. शेजाऱ्याकडे जातात. नो वरीज."

मेघनाने मात्र एकदा विषय काढलाच. काका अंगणात दीड मीटरवर खुर्ची टाकून चहा घेत होते. "काका, तुम्ही ग्रेसला परत फोन करा. ती काय कोल्हा आहे का, दुसऱ्यांदा बोलावल्यावर पळायला?"

काकांनी कप खाली गवतावर ठेवला. "कोल्हा नाय म्हणून तर भीती वाटते," ते म्हणाले. "कोल्हा पळाला तर दुसरा येतो."

मेघना आत निघून गेली. ती ओट्यापाशी उगीच भांडी वाजवत होती. मी काकांना विचारलं की उद्याचा मेसेज कशाबद्दल आहे. "वळशाबद्दल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो ग्रुपवर आला: "ऐका. कोल्हा समोरून कधी येत नाय. लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो, मग ठरवतो. त्या वेळी आपण हललो की संपलं."

पुढच्या शनिवारी मी एक आगाऊपणा केला. थर्मास आणायला गाडीकडे गेलो, तिथे माझा फोन होता. मागे वळून बघितलं तर उन्हं उतरत होती, काका झाडाला टेकून ते लाल कापड डोक्यावरून घेऊन इतके स्तब्ध बसले होते की एक खंड्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला होता. मी फोटो काढला आणि घरी आल्यावर ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "टूवूंबाचा वाघ, टेबलक्लॉथसह." लोकांनी हसून हसून ग्रुप भरून टाकला. काढा मागे पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघनाच्या फोनवर ग्रेसचा मेसेज आला. मर्सीकाकूंनी लेकीला कधीतरी त्या ग्रुपमध्ये घातलं होतं, आणि ती त्यातून बाहेर पडली नव्हती हे आम्हाला माहीतच नव्हतं. एक अक्षर न लिहिता ती इतके दिवस तिथे होती. मेसेज इंग्रजीत होता, एक शब्द सोडून: "इज दॅट मम्मीज लुगडं?"

मी आणि मेघना एकमेकांकडे बघत राहिलो. मी अकोल्याचा, ती सोलापूरची. वसईच्या ख्रिस्ती बायका लाल चौकटीचं जाड लुगडं नेसतात हे आमच्या दोघांच्या बापजन्मी कानावर आलं नव्हतं. आणि मी त्याला टेबलक्लॉथ म्हणून साऱ्या गावाला दाखवलं होतं.

मेघना तशीच काकांकडे गेली, मी मागोमाग. दारात उभं राहून तिने मेसेज वाचून दाखवला. काका खुर्चीवर बसले. आतल्या खोलीत पलंगाच्या कठड्यावर ते लुगडं घडी करून ठेवलेलं दिसत होतं.

"मर्सीच्या आईचं," ते म्हणाले. "लग्नात हेच नेसली होती मर्सी. बाकीचं सगळं दिलं. कपाट उघडलं की तिचा वास यायचा, मला घरात बसवत नव्हतं. हे पण पिशवीत भरलं होतं. ऑप-शॉपच्या काउंटरवर ठेवलं आणि परत उचललं. तिथली बाई बघत राहिली." त्यांनी पलंगाकडे मान केली. "आता कुठे वास राहिलाय. धुरळ्याचा येतो."

"हे ग्रेसला का नाही सांगितलंत?"

"तिने विचारलं कुठे? आणि बाकीचं दिलंच होतं ना मी."

मेघनाने फोन पुढे केला. "तिला काय उत्तर देऊ?"

काकांनी हात वर केला, एक्स-रेच्या खोलीत करत असतील तसा. "काय नको. वळसा घालतेय ती," ते हळूच म्हणाले. "हलायचं नाय."

मेघनाने माझ्याकडे बघितलं. मग काकांना न दिसेल असं तिने दोनच शब्द टाइप केले: "आस्क हिम." या बाबतीत माझी बायको कोणाचंच ऐकत नाही आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

तो आठवडा काकांनी ग्रुपवर काहीच पाठवलं नाही. दारात ससाही ओरडला नाही. शनिवारी मी स्वतः त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, चला. ते लुगडं घ्यावं की नको अशा विचारात थोडा वेळ उभे राहिले, मग घेतलं. माझा फोन नेहमीप्रमाणे गाडीत ठेवून घेतला. झाडाखाली बसलो. त्यांनी एकदा कॉल केला आणि शिट्टी खिशात टाकली.

कोल्हा त्या दिवशी लवकर आला. तळ्याला लांबून वळसा घालून, थांबत थांबत, अगदी आमच्या जवळ. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. पोट खपाटीला गेलेलं, एक कान फाटलेला. काकांनी रायफल उचलली, खांद्याला लावली. मी डोळे मिटून घेतले.

आणि घंटा वाजली.

डोळे उघडले तर रायफल गवतात पडलेली आणि काका दोन्ही हातांत फोन धरून पडद्याकडे बघत बसलेले. घंटा वाजतच होती. कोल्हा पळाला नव्हता, जागच्या जागी उभा राहून आमच्याकडे बघत होता. मला वाटलं आता थांबेल ती घंटा, आता थांबेल. मीच ओरडलो, "काका, हला की!"

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. काका नुसते ऐकत होते, आणि मोकळ्या हाताने खांद्यावरच्या लुगड्याचा काठ चाचपत होते.

"हां," ते शेवटी म्हणाले. "तेच. नाय गं, ते नाय दिलं. ते कसं देईन, बाय?"

मी उठलो आणि गाडीकडे चालायला लागलो. कोल्हाही वळून गवतात गेला. थर्मासमधला चहा पिऊन झाला, दुसरा कप पण झाला, काका अजून झाडाखालीच होते. आता ते हातवारे करून बोलत होते. नवशिक्यांसाठीचे ते सगळे मेसेज कोणत्या एका माणसाला ऐकू जावेत म्हणून रोज पडत होते, ते मला तिथे उभं राहून कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी गार वाऱ्यावर ढकलून दिलं.

अंधार पडायच्या सुमाराला ते आले. रायफल पेटीत ठेवली, लुगड्याची घडी केली, शेजारी बसले. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "बॉर्डर उघडली की येते म्हणाली. मी म्हटलं, सावकाश ये."

"बरं केलंत."

घर जवळ आलं तसे ते खिडकीची काच खाली करून बाहेर बघत राहिले.

"मेघनाला सांग," ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी वरणात हिंग घाल म्हणावं. मी पण जेवायला येतो."